तीन किलोमीटरचा खुलासा

गेल्या आठवड्यात माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो फिरला. फोटोत मी एका पिकअपच्या हौद्यात खव्याच्या डब्यांना टेकून बसले आहे आणि शेजारी माझी हिरवी सायकल आडवी पडली आहे. खाली लिहिलंय, ‘मॅडम सायकलने चिखलदऱ्याला!’ आणि पुढे हसणारी तोंडं. फोटो खरा आहे, पण त्यावरून काढलेला अर्थ खोटा आहे. म्हणून ब्लॉगवर हे लिहिणं भाग पडलं.

माझं वय त्रेसष्ट. अकोल्याच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. अमरावतीला बी.एस्सी. करताना सायकलने कॉलेजात जाणाऱ्या आम्ही चौघी होतो, त्यातली अजून सायकल चालवणारी मीच उरले. मेळघाटात मोटारी नसलेला एक रस्ता आहे असं कळलं आणि डिसेंबरात जायचं ठरवलं. सोबत कोणी मिळालं नाही, म्हणून एकटीच निघाले. अकोला ते परतवाडा मात्र सायकलने जाऊ नका. रस्ता सपाट आहे, पण ट्रकवाले तुम्हाला मोजत नाहीत. मी सायकल ओळखीच्या टेम्पोतून पुढे पाठवली आणि स्वतः एसटीने गेले.

परतवाड्यात माझा धाकटा भाऊ सुधाकर राहतो. निघायच्या सकाळी चहाच्या वेळी त्याने विषय काढलाच.

“ताई, या वयात घाट? पडली-झडली त कोन पाहीन?”

“मंगल पाहीन. तुले त रक्त पाहून चक्कर येते.”

त्याची बायको मंगल चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसली. सुधाकर चिडला. “धा किलोमीटरात हात दाखवून गाडी थांबवशीन, लिहून घे.”

“परतवाडा सोडल्यावर वापस येईलोक कोन्त्याबी गाडीत बसली, त हे सायकल तुही. झालं समाधान?”

मी शब्द मोजून देते. उतरून ढकलायचं नाही, असं मी म्हटलं नव्हतं.

सहाला निघाले. पहिले काही किलोमीटर मोठा रस्ता आहे, मग उजवीकडे फाटा. त्याचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या रविवारी तिथे मोटारी उभ्या राहतील आणि स्पीकर लागतील. सायकलवर जाणाऱ्याने मला विचारावं, मी नकाशा काढून देईन.

नवा घाट झाल्यावर मोटारींनी हा रस्ता सोडला. दोन मोऱ्या खचल्यात, डांबर उखडलंय, चारचाकी येऊच शकत नाही. त्यामुळे ऐकू येतो तो चेनचा आवाज आणि चाकाखाली चुरडणाऱ्या सागाच्या पानांचा. पहिल्या तासाभरात मला दोन गुराखी, एक मोर आणि दुधाच्या कॅना लावलेली सायकल चढावर ढकलत नेणारा एक गवळी भेटला. तो मला म्हणाला, “चढावर बसाचं नाई बाई. चढावर सायकल आपल्यावर बसते.” मीही उतरले. एकूण सात वेळा उतरले, कुणाला मोजायचं असेल तर.

जाड टायर लावा. पाणी तीन लिटर तरी हवं, कारण ओढ्याचं पाणी दिसायला स्वच्छ असलं तरी वर गुरं असतात. दुपारी एका कोरकू वस्तीत जेवले. सारवलेल्या ओसरीवर ज्वारीची भाकर, पिठलं आणि मिरचीचा ठेचा. पैसे विचारले तर घरधनीण म्हणाली, “द्या काई बी.” मी शंभर दिले. मग रस्त्याचं कौतुक करायला लागले, किती शांत, एक गाडी नाही.

ती ताट उचलता उचलता म्हणाली, “तुमाले रिकामा रस्ता पायजे. आमाले एसटी पायजे. पोरीले दवाखान्यात खाटेवर नेली आमी.”

 याला ब्लॉगसाठी उत्तर बनवणार नाही.

चारच्या सुमाराला वननाका आला. इथून वरच्या मोठ्या रस्त्यापर्यंतचे तीन किलोमीटर बरे आहेत, तिथून खव्याचा पिकअप नाक्यापर्यंत उतरतो. नाक्यावर तिशीतली वनरक्षक होती. तिने रस्त्यावर आडवी लावलेली साखळी काढली नाही.

“मावशी, सायकल सोडत नाई. अस्वलीन हाये पिल्लं घेऊन. सकाळीच पायली गुराख्यायनं.”

“मग मी थांबते. ती गेली की जाईन.”

“ते का तुमाले सांगून जाईन?”

“परत खाली जाते.”

“अंधार पडते तेवढ्यात. तेबी सोडत नाई. पिकअप भरून राहिला, त्याच्यात बसा.”

मी पंधरा मिनिटं वाद घातला. शेवटी विचारलं, माझ्या जागी पंचविशीतला मुलगा असता तर?

“त्याले त पयले बसवला असता. पोट्टे आयकत नाई.”

यावर वाद संपला. तिचं बरोबर होतं. मी बसले. पिकअपवाला मागे वळून म्हणाला, “काकू, तोंड काहून पाडलं? फुकटात नेऊन राहिलो.” मी त्याला म्हटलं, समोर बघ.

वर मोठ्या रस्त्याला लागताच पर्यटकांची एक मोटार आडवी आली. आत माझा एक जुना विद्यार्थी होता. त्याने हात हलवला आणि फोटो काढला. कसं काय बसलात, हे विचारलं नाही. शाळेतही तो उत्तर आधी लिहायचा, रीत नंतर.

त्या मोठ्या रस्त्यावरच सायकल उतरवून घेतली, चिखलदऱ्यापर्यंत ती चालवत गेले आणि तिथे साधी खोली घेतली. आंघोळीला गरम पाणी बादलीने मिळालं. सकाळी दरीत धुकं भरलं होतं आणि गाड्यावरची कॉफी चांगली होती. पण माझं लक्ष घड्याळाकडे होतं. आठ वाजता मी नाक्यावर घेतलेल्या नंबरवर वनरक्षकाला फोन केला. दोन वनमजूर रस्ता पाहून आले होते, अस्वलीण दरीपलीकडे गेली होती. वनरक्षक म्हणाली, “या, पन घंटी वाजवत या.”

मोठ्या रस्त्यावरून वळले आणि घंटी वाजवत तीन किलोमीटर उतरले. नाक्यावर पोचले आणि सायकल पुन्हा वरच्या दिशेने वळवली.

“मावशी, काई राहिलं का वर?”

“हो. तीन किलोमीटर.”

या वेळी सायकलवरून उतरले नाही. शेवटच्या वळणावर गुडघा ठणकत होता, उभं राहून पायडल मारलं. वर पोचले, पाणी प्यायले, आणि नाक्यावरून त्याच रस्त्याने परतवाड्याला उतरले. चिखलदऱ्याचे पॉइंट पाहायचे राहिले. ते मोटारीतूनही दिसतात.

सुधाकर फाटकातच उभा होता. त्याने विचारायच्या आत मी सांगितलं, “गाडीत बसली. तीन किलोमीटर.” मग अस्वलिणीचंही सांगितलं.

मंगल म्हणाली, “जबरदस्तीनं बसोलं न तायले, ते का मोजाचं?”

सुधाकरही नरमला. “राहू दे, ताई. मी मजाक करत होतो.”

“मी नोती करत. कागद आन.”

घरी आले त्याला आता बारा दिवस झाले. गुडघा चार दिवसांत शांत झाला. झोपताना अजून सागाची पानं ऐकू येतात. दुकानात एक गिअरची सायकल पाहून ठेवली आहे. दिलेला शब्द त्या हिरव्या सायकलपुरता होता, माझ्यापुरता नव्हता. ज्यांनी फोटो पुढे पाठवला, त्यांनी हेही पाठवावं.

पावती सुधाकरने लिहिली होती. ‘वय झाल्यामुळे’ हे त्याचे शब्द मी खोडून शेजारी सही केली. बाकी तशीच देते:

‘परतवाडा मुक्कामी ताईकडून मिळाले: हिरवी सायकल एक, चालू स्थितीत. हवेचा पंप एक. पंक्चरचं सामान एक पिशवी. कुलूप एक, किल्ल्या दोन. घेणार सुधाकर, साक्षीदार मंगल.’

हेल्मेट दिलेलं नाही.