पाळी लांबवणार नाही

लग्नाला पाच वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि माझी पाळी तिच्या मनाला येईल तेव्हा यायची. पीसीओएस. धुळ्याच्या डॉक्टर मॅडमनी पाळी आणायच्या पाच गोळ्या दिल्या आणि बजावलं, "आली की दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीला या. अंडं वाढवायचं औषध तेव्हाच सुरू करू. उशीर केलात तर हा महिना गेला."

नेमका कानबाईचा सण तोंडावर आला. श्रावणातल्या त्या रविवारी आमच्या शिंदखेड्याच्या घरी देवी बसते, सगळे भाऊबंद नैवेद्याचे रोट खायला जमतात आणि पाळीतल्या बाईला तिथे उभंही करत नाहीत. म्हणून सणाआधी बायका मेडिकलमधून पाळी लांबवायच्या गोळ्या मुकाट्याने आणतात. सासूबाईंनी माझ्यासाठीही आणल्या. "बठ्ठा भाऊबंद येतीन. लई ले," गोळ्या माझ्यापुढे धरत म्हणाल्या.

मला हसावं की रडावं कळेना. तीन महिने जिची वाट पाहिली, तीच आता पुढे ढकलायची? मी सरळ सांगितलं, "आई, मी नाही घेणार. आली तर मागच्या खोलीत बसेन. रोट करायला जाऊबाई आहेत, माझं औषध माझ्याऐवजी कोणी घेणार नाही."

"हिला शिंगं फुटली," जाऊबाई म्हणाल्या. सासूबाईंनी तर अबोलाच धरला. मला वाईट वाटलं, पण मी हलले नाही.

रविवारी देवी बसली आणि दुपारी पाळी आली. मागच्या खोलीत मी एकटी, बाहेर गाणी चाललेली. खरं सांगते, त्या दिवशी घरात माझ्याइतकं खूश कोणी नव्हतं. सोमवारी सगळे देवी घेऊन नदीवर निघाले. माझ्या नवऱ्याने आईकडे न बघता चपला घातल्या, आणि आम्ही दोघांनी धुळ्याची एसटी धरली. औषध त्याच दिवशी सुरू झालं.

त्याच महिन्यात दिवस राहिले. रिपोर्ट दाखवला तेव्हा सासूबाईंनी देव्हाऱ्याकडे हात जोडले. "कानबाईनी दिधं."

"दिलंच," मी म्हणाले. "पण सोमवारी धुळ्याला मी गेले होते."

त्या बराच वेळ रिपोर्ट हातात धरून बसल्या. वाचता येत नव्हतं तरी बघत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बरं झायं, तू मन्हं ऐकं नही."