भिंगवाल्यांची दुहेरी नाणी

मुलगी झाली तेव्हा भिंगवाल्यांनी तिला दवाखान्याच्या खिडकीपाशी नेलं, उजेडात नीट निरखलं आणि बायकोला सांगितलं, "डाव्या कानाच्या पाळीला खाच आहे. पण मूळची आहे, नंतरचा मार नाही." बायको बाळंतपणानं थकलेली होती, त्यामुळे तेव्हा ती काही बोलली नाही. पुढे मात्र घरी येईल त्याला तिनं हे ऐकवलं.

भिंगवाले लोकांची जुनी नाणी पारखून द्यायचे. नाणं किती झिजलंय, कुणी घासून त्याची कळा घालवलीय का, आणि त्यात काही विचित्र असेल तर ते टांकसाळीत झालंय की बाहेर, एवढंच ते सांगत आणि नाण्याच्या कागदी पाकिटावर बारीक अक्षरात लिहून देत. किंमत सांगत नसत. टांकसाळीत चुकलेलं नाणं हौशी लोक जपून ठेवतात. बाहेर ठोकून वाकलेलं कुणी घेत नाही. हा फरक लोकांना पटत नसे. पुढच्या खोलीत टेबल, दिवा, काळं मखमली कापड आणि गिऱ्हाइकासाठी एक खुर्ची. खुर्चीचा एक पाय आखूड होता. तो मुद्दाम तसा ठेवलाय, असं बायकोचं मत होतं. ती आतल्या खोलीत लोकांचे कपडे शिवायची. मधल्या दारातून तिला खुर्चीतला चेहरा दिसे: येताना फुललेला, जाताना पडलेला.

सगळ्यात जास्त वेळा पडलेला चेहरा भिंगवाल्यांच्या धाकट्या भावाचा. तो बस कंडक्टर. दिवसभर हातातून सुटे पैसे जायचे, त्यातलं एखादं वेगळं दिसलं की स्वतःच्या खिशातले पैसे टाकून तो ते ठेवून घ्यायचा आणि सुट्टीच्या दिवशी थोरल्याकडे यायचा.

"दादा, याची कड बघ. कशी दबलीय!"

"बाहेरचा मार."

"बाहेरचा कसा? बसमध्येच मिळालंय."

"टांकसाळीच्या बाहेर म्हणतोय मी."

"एखादं तरी बरं म्हण की रे. तुझ्या खिशातून काय जातंय?"

"माझ्या हातचं लिहिलेलं जातंय," भिंगवाले म्हणायचे. भाऊ नाणं खिशात टाकून, वहिनीकडे चहा पिऊन निघून जायचा आणि पुढच्या सुट्टीला पुन्हा हजर.

एका वर्षी मात्र लोक हसत जायला लागले. सुरुवात औषधवाल्यापासून झाली. त्याच्या नाण्यावर भिंगवाल्यांना दुहेरी ठसा सापडला. नाणी पाडायचा ठसा घडवतानाच अक्षरं जराशी सरकून दोनदा उमटली, की नाण्यावरच्या प्रत्येक अक्षराला एक सावली दिसते. असं नाणं मिळणं दुर्मीळ. मग चित्रकलेच्या मास्तरांकडे तसंच सापडलं. मग आणखी दोघांकडे. आणि मग भावाकडे.

"पुन्हा म्हण," भाऊ म्हणाला.

"दुहेरी ठसा आहे."

"आणि मार?"

"मार नाही."

भाऊ इतक्या झटक्यानं उठला की खुर्ची आडवी झाली. आठवड्याभरात ते नाणं काचेच्या चौकटीत बसून त्याच्या घरी टीव्हीच्या वर लटकलं.

बायकोला संशय आला तो या हसण्यामुळेच. एवढी वर्षं जे झालं नाही ते आता का व्हावं? त्यातच एकदा तिनं टीप घातलेल्या पॅन्टकडे बघून नवरा म्हणाला, "दोनदा शिवण का घातलीस?" शिवण एकदाच होती. साबण आणताना सुट्ट्या पैशांत आलेलं एक नवंकोरं नाणं तिनं पाकिटात घालून त्यांच्यापुढे ठेवलं. "शेजारणीनं दिलंय."

भिंगवाल्यांनी भिंग डोळ्याला लावलं. "दुहेरी ठसा. अक्षरांच्या उजवीकडे सावली आहे."

"आता उलटं फिरवा. डोकं खाली."

"कशाला?"

"तुम्हीच मुलीला शिकवत होता ना? खरी सावली नाण्याबरोबर फिरते म्हणून."

त्यांनी फिरवलं. सावली आता डावीकडे यायला हवी होती. ती उजवीकडेच राहिली. त्यांनी नाणं गोल गोल फिरवलं. सावली जागची हलली नाही.

"नाणं साबणवाल्याकडचं आहे," बायको म्हणाली. "सावली तुमची."

भिंगवाल्यांनी भिंग खाली ठेवलं. "मूळची नाही," ते म्हणाले. "नंतरची आहे."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाले. डॉक्टरांनी आधी उजवा केला, कारण भिंग ते त्याच डोळ्याला लावायचे. पट्टी निघाल्यावर भिंगवाले घरोघरी जाऊन आपला शब्द मागे घ्यायला लागले. औषधवाला म्हणाला, "आता मी कुणाकुणाला सांगत फिरू?" मास्तर म्हणाले, "म्हणजे बिघाड तुमच्या डोळ्यात आणि शिक्षा माझ्या नाण्याला?" भिंगवाल्यांनी चौघांच्याही पाकिटांवरचं लिहिणं खोडून खाली सही केली.

भाऊ तेवढा राहिला.

"आज जायचं?" बायको विचारी.

"आज पापणी जड आहे."

"त्याला नाही सांगितलं तर?"

"मग टेबल कायमचं आवरून ठेवायचं. चुकीचं लिहिलेलं एक जरी बाहेर राहिलं, तरी बाकीच्यावर विश्वास कुणी का ठेवावा?"

"आणि सांगितलं, तर तो परत या दारात यायचा नाही."

"ते मला माहीत आहे," भिंगवाले म्हणाले आणि चपला शोधायला लागले. बायकोही बरोबर निघाली.

भावानं चौकट स्वतःच काढून दिली. त्याला वाटलं, दादाला नव्या डोळ्यानं पुन्हा बघावंसं वाटतंय. भिंगवाल्यांनी नाणं बाहेर काढून पाहिलं आणि सगळं सांगितलं. टीव्ही चालू होता. धाकट्या जावेनं तो बंद केला.

"कुठल्या डोळ्यानं बघितलंस?" भावानं विचारलं.

"उजव्या."

"डावा अजून जुनाच आहे ना? त्यानं बघ."

बायकोला वाटलं, हे आता उठणार. पण भिंगवाल्यांनी भिंग डाव्या डोळ्याला लावलं. "दुहेरी दिसतंय. पण ते डोळ्याचं आहे, नाण्याचं नाही."

"नंतरचं मला ऐकू आलं नाही."

"मला आलं," धाकटी जाऊ म्हणाली. "भाऊजी, पण भिंतीत खिळा ठोकलाय, त्याचं काय?"

भाऊ रिकाम्या चौकटीची काच शर्टानं पुसत बसला. "म्हणजे हेही साधंच," तो शेवटी म्हणाला.

"साधंच. पण झीज नाही. कडा शाबूत. मूळची कळा तशीच आहे. चालू नाण्यांत इतकं स्वच्छ मी फार कमी पाहिलंय."

"हे याआधी कधी बोलला नाहीस."

"तू विचित्र काय आहे ते विचारायचास. राखलंय कसं, हे कधी विचारलं नाहीस."

भाऊ आत गेला. कपाटाचं दार वाजलं. एक पत्र्याचा डबा घेऊन तो बाहेर आला आणि टीपॉयवर उपडा केला. इतक्या वर्षांत थोरल्यानं नाकारलेली सगळी नाणी त्यात होती, एकेक वेगळ्या कागदात गुंडाळलेली.

"बस," तो म्हणाला. "आता यांचं सांग. कशी राखलीत तेवढंच."

भिंगवाल्यांनी पहिली पुडी उलगडली, दिवा लावायला सांगितला आणि भिंग उजव्या डोळ्याला लावलं.

"हे घासलंय."

"मी नाही," भाऊ म्हणाला. "हिनं. भांड्यांबरोबर."

धाकटी जाऊ चहा ठेवायला उठली.