रिकाम्या गाडीचं वजन

आमचे भावजी कुणाच्या घरी गेले की पाणी प्यायच्या आधी तिथल्या एखाद्या वस्तूचं वजन सांगायचे. पितळी डबा, गॅसची टाकी, टेबलफॅन, काही सोडायचे नाहीत. माझ्या मुलासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा ती पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि भावजी माझ्या कानाशी म्हणाले, "बावन्न. फार तर त्रेपन्न." ते मुलीच्या आईनं ऐकलं. जुळत आलेलं मोडता मोडता राहिलं. लग्नानंतर सुनेनं स्वतः सांगितलं, "काकांचं बरोबर होतं. बावन्नच होते मी."

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. मानपाड्याकडच्या एका कारखान्यात वजनकाट्यावर त्यांची सगळी नोकरी गेली. गेटजवळ जमिनीत बसवलेला मोठा काटा, त्यावर अख्खा ट्रक उभा राहतो. रिकामा ट्रक आत जाताना तोलायचा, भरलेला बाहेर पडताना तोलायचा, दोन्हींची वजाबाकी म्हणजे माल. काही ड्रायव्हर आत जाताना सीटखाली दगड ठेवून यायचे, ते आत उतरवायचे आणि तेवढा माल जास्त भरून न्यायचे. ही गोष्ट भावजींनी मला किती वेळा सांगितली असेल! आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "म्हणून वहिनी, रिकामी गाडी दर खेपेला तोलायची. कालचं वजन आज चालत नाही."

'अंदाजे' हा शब्द त्यांच्यापुढे बोलायची सोय नव्हती. मी भाजीत मीठ अंदाजे टाकते म्हटलं तर म्हणायचे, "मग चांगली होते ती पण अंदाजेच होते." मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, चाळीत चौदा माणसांचा स्वयंपाक हातानं मोजून केला. मी काही ऐकून घ्यायची नाही. "तुम्हाला तोलून वाढू का?" असं विचारलं की हसायचे. लग्न त्यांनी केलं नव्हतं. माझा नवरा गेल्यावर दिवसभर घरात आम्ही दोघंच असायचो. मुलगा आणि सून सकाळी ठाण्याला कामावर जायची, ती अंधार पडल्यावर परत.

त्यात कुत्रा आला. वरच्या मजल्यावरचं कुटुंब बदली होऊन गेलं आणि "महिनाभर सांभाळाल का काका?" म्हणून आपलं कुत्रं भावजींच्या गळ्यात घालून गेलं. तो महिना काही संपला नाही. लांब कानांचं, आखूड पायांचं, बीगल जातीचं. नाव काहीतरी इंग्रजी होतं, भावजींनी त्याचा बाळ्या केला. बिस्किटं खाऊन खाऊन तो असा सुटला होता की चालताना पोट पायरीला लागायचं. भावजींनी बघितल्याबरोबर सांगितलं, "एकोणीस. आणि हा असायला पाहिजे तेरा-चौदा."

थोड्याच दिवसांत बाळ्या मागचे पाय ओढायला लागला. आम्ही त्याला रिक्षात घालून स्टेशनाकडच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण तरुण होती, पण बोलायला स्पष्ट. म्हणाली, "काका, याचं वजन उतरलं नाही तर पाठीचा मणका जाईल. मग पाय कायमचे गेले. औषधानं होणार नाही, खाण्यानं होईल." भावजींनी विचारलं, कच्चं मांस दिलं तर? त्यांच्या आंबिवलीच्या एका जुन्या सोबत्याकडे कुत्री होती, तो तसं द्यायचा. डॉक्टरीण म्हणाली, "द्या, पण मोजून. आज आहे त्या वजनावर मोजू नका, जेवढं असायला हवं त्यावर मोजा. पोळी, भात, बिस्किट पूर्ण बंद. आणि दर महिन्याला इथं काट्यावर आणा."

बाहेर आल्यावर भावजी फुरफुरले. "मी दुसऱ्याच्या काट्यावर आणू? मी?"

त्या दिवसापासून आमच्या घराचा खाटिकखाना झाला. आम्ही मटण खाणारी माणसं, पण शिजवून खाणारी. भावजी सकाळी चिकनच्या दुकानातून माना, पंजे, कलेजी, पेटा घेऊन यायचे आणि ओट्यावर छोटा काटा ठेवून एक एक तुकडा तोलायचे. एक मान जास्त झाली तर सुरीनं अर्धी करायचे. त्यात भोपळा किसून घालायचे, तोही तोलून. माझ्या फ्रीझरमध्ये मटारच्या जागी पिशव्या आल्या. एकदा त्यांच्या हातातली पिशवी लिफ्टमध्ये गळली. समोरच्या बाई पदर नाकाला लावून मला म्हणाल्या, "आजी, तुमच्याकडे नक्की चालतं तरी काय?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यभर चाळीत काढून शेवटी बिल्डिंगीत राहायला मिळालं, तिथं ही शोभा.

मी घरी येऊन सांगितलं, "भावजी, त्या हातांनी माझ्या टेबलावर जेवायचं नाही. तुमचं ताट आजपासून गॅलरीत."

ते म्हणाले, "साबणानं दोनदा धुतो, वहिनी."

"दहादा धुवा. ताट गॅलरीत."

गॅलरीत एक जुनं स्टूल होतं, त्यावर मी ताट ठेवायची आणि दार लोटून घ्यायची, कुत्रा आत येऊ नये म्हणून. थोड्या वेळानं ताट परत यायचं, चाटून पुसून साफ. मला वाटायचं, बरं झालं, राग अन्नावर काढला नाही.

रविवारी सकाळी वजन. न्हाणीघरातला काटा हॉलच्या मधोमध ठेवायचा, भावजी बाळ्याला उचलून त्यावर उभे राहायचे. कुत्रं मध्ये यायचं म्हणून त्यांना आकडा दिसायचा नाही. तो मी वाचायची. पहिल्या रविवारी मी वाचलं, "ऐंशी." भावजी लगेच म्हणाले, "वजा एकसष्ट, एकोणीस. बोललो होतो की नाही?" एकसष्ट म्हणजे ते स्वतः. नोकरीला लागले तेव्हा एकसष्ट, निवृत्त झाले तेव्हा एकसष्ट, याचा त्यांना फार अभिमान. "माझ्यात काय बदलायचंय?" म्हणायचे.

आकडा उतरायला लागला. एकोणऐंशी. मग अठ्ठ्याहत्तर. मग दोन आठवडे तिथंच, मग पुन्हा खाली. मी वाचायची आणि ते वजाबाकी करून बाळ्याची पाठ थोपटायचे. मुलगा सोफ्यावरून टाळ्या वाजवायचा. मला कुत्रा काही बारीक दिसत नव्हता आणि मी तसं म्हटलंही. "पोट तर तेवढंच आहे."

"केस वाढलेत त्याचे. डोळ्यावर काय जाता, काट्यावर जा."

सून एका रविवारी म्हणाली, "आई, काका बारीक झाल्यासारखे वाटतात."

मी म्हटलं, "कुत्र्यामागं हिंडतात ना. बरंच आहे की."

आणि एकदा ते काट्यावरून उतरून धापा टाकत खुर्चीत बसले, मला म्हणाले, "वहिनी, हा उतरतोय, मग उचलायला जड का लागतोय?"

मी म्हटलं, "वय झालं तुमचं. उगाच कुत्र्याला नावं ठेवू नका."

सगळे हसले. तेही हसले.

मी ज्या रविवारी "चौऱ्याहत्तर" वाचलं, त्या दिवशी भावजींनी पेढे आणले. बाळ्या तेराचा झाला होता. लिफ्टमध्ये नाक धरणाऱ्या समोरच्या बाईंनाही पेढा दिला. मग म्हणाले, "चला वहिनी, आता त्या डॉक्टरीणबाईंना दाखवून येऊ." नवीन इस्त्रीचा शर्ट घातला. तो खांद्यावरून उतरत होता, तेव्हाही मला वाटलं इस्त्रीवाल्यानं दुसऱ्याचा दिला.

दवाखान्यात जमिनीलगत रुंद काटा होता, कुत्र्यांसाठीचा. डॉक्टरणीनं बाळ्याला त्यावर उभं केलं आणि म्हणाली, "काका, हा एकोणीसच आहे."

"शक्य नाही. तुमचा काटा बिघडलाय."

"गेल्याच आठवड्यात तपासून घेतलाय."

"थांबा, मी दाखवतो," म्हणत भावजींनी चपला काढल्या आणि कुत्र्याच्या काट्यावर स्वतः उभे राहिले. "मी एकसष्ट आहे. बघा काय दाखवतोय."

डॉक्टरणीनं वाकून बघितलं. "पंचावन्न."

"बघा! सहा किलो कमी. मी म्हटलं नव्हतं?" ते जिंकल्यासारखे माझ्याकडे वळले. मग तसेच उभे राहिले. काटा कमी दाखवत असेल तर तो कुत्र्यालाही कमीच दाखवणार, जास्त कसा दाखवेल? हे त्यांना माझ्याआधी कळलं. त्यांच्या ओठांची हालचाल दिसत होती. पंचावन्न आणि एकोणीस, चौऱ्याहत्तर. आमच्या घरचा काटाही बरोबर होता.

ते हळूच खाली उतरले, चपला घालायला विसरले. म्हणाले, "वहिनी, रिकामी गाडी तोलली नाही मी."

मी तिथंच मोठ्यानं म्हणाले, "म्हणजे सहा किलो तुमचे गेले?" बाहेर बसलेल्या लोकांनी मान वर करून बघितलं.

डॉक्टरीण बाळ्याचं सोडून त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. "काका, तुम्ही तुमच्या डॉक्टरांकडे आज जा. उद्या नाही, आज."

कल्याणला तपासण्या झाल्या, मग ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात. जठरात गाठ होती आणि ती पसरली होती. तिथल्या डॉक्टरनं मुलाला विचारलं, "सहा महिन्यांत एवढं वजन उतरलंय. घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?" त्याच्यावर ढकलण्यात अर्थ नव्हता, तो दिवसभर घरात नसायचा. मी म्हटलं, "मी घरात असते. नाही आलं." लक्षात आलं नाही हेही पुरतं खरं नाही. दर रविवारी मीच तर मोठ्यानं वाचत होते.

ते खाटेवर पडले होते तेव्हा मी विचारलं, "भूक नव्हती तर ताट रिकामं कसं यायचं?"

"बाळ्या खायचा."

"पोळीसकट?"

"पोळी, भात, सगळं. दोन घास गेले की पोट दुखायचं. तुम्ही आधीच रागावलेल्या. ताट तसंच आणून दिलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, जेवणावर रुसले." मग म्हणाले, "त्याला पोळी द्यायची नाही हे कळत होतं, वहिनी. पण काटा तर उतरत होता. म्हटलं, एवढं खपतंय त्याला."

मी म्हटलं, "तुम्ही टेबलावर बसला असतात तर मला दिसलं असतं."

यावर ते म्हणू शकले असते की टेबलावरून मला उठवलं कुणी. तसं म्हणाले नाहीत. नर्स सलाईनची बाटली बदलायला आली, तिच्याकडे बघून मला म्हणाले, "अठ्ठावन्न." नर्सनं विचारलं, "काय आजोबा?" मी म्हटलं, "काही नाही, बाटलीचा नंबर." ते तोंड फिरवून हसले.

घरी आणल्यावर मी त्यांना टेबलावर बसवायचं म्हणून खूप आग्रह केला. खुर्चीत उशी ठेवली. मऊ भात केला, त्यावर मेतकूट घातलं. ते बसले, दोन चमचे घेतले आणि म्हणाले, "वहिनी, गॅलरीतच बरं वाटतं हो. सवय झाली." राग नव्हता त्यांच्या बोलण्यात, मी नीट ऐकलं. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मग मीही माझं ताट गॅलरीत न्यायला लागले. तिथं दोघांना बसायला जागा नाही, मी दारात बसायची. त्यांच्या हाताला कसला वास येत नव्हता. आधीही येत नसणार.

जायच्या आधी काही दिवस त्यांनी मला बाळ्याचं खाणं शिकवलं. किती माना, किती कलेजी, भोपळा किती. मी तुकडे काट्यावर टाकायची आणि ते पडल्या पडल्या लांबूनच सांगायचे, "थोडं काढा." बोलायला दम लागायचा तेव्हा नुसता हात हलवायचे. मला कच्च्या मांसाची किळस येते, आजही येते. पण ते मी हातानं करते, चमच्यानं नाही.

भावजी गेले आणि बाळ्याचं वजन उतरायला लागलं. खरोखरचं. पोट वर गेलं, कंबर दिसायला लागली, मागचे पाय सरळ पडायला लागले. मी त्याला दर महिन्याला दवाखान्यात त्याच काट्यावर नेते. ज्या दिवशी आकडा तेरावर आला, त्या दिवशी डॉक्टरणीनं त्याच्या कानामागं खाजवलं आणि मला म्हणाली, "आजी, कमाल केलीत. एवढे दिवस जमत नव्हतं, आता काय बदललंत?"

मी म्हटलं, "घरातलं एक माणूस कमी झालं."

तिला त्यातलं गॅलरीचं आणि ताटाचं काहीच माहीत नव्हतं. ती उठली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका. काकांचं तुम्ही खूप केलंत."

मी ते ऐकून घेतलं. नाही म्हटलं नाही. बाळ्याला पट्टा लावला आणि घरी आले.