आम्ही दोघं, वन बीएचके

मुलगा परदेशातून कायमचा परत येतोय, हे घरमालकांनी मला पेढा देऊन सांगितलं. पेढा तोंडात असतानाच महिनाअखेर घर रिकामं करायचं आहे, हेही सांगितलं. त्यामुळे मला नीट हरकत घेता आली नाही.

पत्नीला जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. घर शोधणं हे आमच्याकडे तिचं काम. मी सामान हलवताना पुस्तकांचे गठ्ठे बांधायचो. आता दोन्ही कामं माझ्याकडे आली.

एजंटला फोन केला. तरुण होता, घाईत होता.

"माणसं किती, काका?"

"आम्ही दोघं," मी म्हणालो.

खोटं बोलायचा विचार नव्हता. एकतीस वर्षं त्या प्रश्नाचं तेच उत्तर होतं, ते आपोआप आलं. पेन्शनचा आकडा ऐकल्यावर त्याने निम्मं पुणे यादीतून काढून टाकलं. उरला बिबवेवाडीतला एक वन बीएचके. दुसरा मजला, लिफ्ट नाही.

जिना चढताना मी त्याला खरं सांगितलं. तो पायरीवरच थांबला.

"काका! मी मालकीणबाईंना फॅमिली सांगितलंय. बॅचलर म्हटलं तर त्या दारच उघडणार नाहीत."

"अहो, मी एकसष्ट वर्षांचा आहे."

"बॅचलरला वयाची अट नसते." मग माझा चेहरा पाहून त्याचा आवाज उतरला. "सॉरी. पण या बजेटमध्ये माझ्याकडे दुसरं काही नाही. तुम्ही नुसतं म्हणा, मिसेस गेल्यात. खोटं पण नाही ना ते."

खोटं नव्हतं, हीच पंचाईत होती.

मालकीणबाई समोरच्याच फ्लॅटमध्ये राहत. किल्ली घेऊन आल्या, आणि माझ्या मागे कोणी आहे का, ते पाहिलं.

"मिसेस नाही आल्या?"

"गेल्यात," मी म्हणालो.

"कधी येणार?"

मी एजंटकडे पाहिलं. "वेळ लागेल थोडा," असं म्हणून तो घाईघाईने पंखा लावून बघू लागला.

"घर बायकांनी बघायचं असतं," बाई म्हणाल्या. "पुरुष नुसते प्लग मोजतात. ओटा जरा बुटका आहे. त्यांची उंची किती?"

"पाच फूट. जेमतेम."

"मग छान."

खरंच छान होता. खिडकी पूर्वेला होती. डबे किती, कुंड्या आणणार का, चहा किती वेळा होतो, बाई विचारत गेल्या आणि मी उत्साहाने सांगत गेलो. आठ महिन्यांत कोणी तिची इतकी चौकशी केली नव्हती. भेटायला येणारे लोक तिचा विषय टाळून माझ्या शुगरबद्दल बोलत.

"पाणी सकाळी सहाला येतं. उठतात का त्या लवकर?"

"साडेपाचला उठायची."

बाई थांबल्या. "उठायची?"

मी खिडकीची कडी लावून पाहिली.

"अहो, मी शाळेत तीस वर्षं व्याकरण शिकवलंय. हा रीती भूतकाळ. माहेरी गेलेल्या बाईला तो लागत नाही."

एजंटने पंखा बंद केला आणि दाराबाहेर जाऊन उभा राहिला. मी माफी मागितली. घर गेलं, हे कळतच होतं.

"कधी झालं?"

"फेब्रुवारीत."

"मग 'गेल्यात' काय म्हणता? 'वारली' म्हणावं. ऐकणाऱ्याला कळतं तरी."

तो शब्द मी तोवर वापरला नव्हता. बँकेत, गॅस एजन्सीत, सगळीकडे दाखल्याची झेरॉक्स पुढे सरकवून वेळ मारून नेली होती.

"वारली," मी म्हणालो. आवाज काही बरा निघाला नाही.

बाईंनी नळ सोडला, पाणी वाहू दिलं, मग बंद केला.

"सोसायटीला मी खरं तेच सांगणार. कोणी काही बोललं तर माझ्याकडे पाठवा. स्वयंपाक येतो?"

"वरण-भात येतो."

"आणि?"

"वरण-भातच."

त्यांनी किल्ली ओट्यावर ठेवली.

"अ‍ॅग्रीमेंट अकरा महिन्यांचं असतं," त्या म्हणाल्या. "तेवढ्यात आमटी तरी शिकून घ्या."