संपत पैलवान आणि उठणारी माणसं

मोताळ्याच्या बाजारात आमच्या तालमीतले दोन म्हातारे भेटले की चहा गार होतो. गेल्या बाजाराला दोन मणाचा असलेला पैलवान या बाजाराला अडीच मणाचा झालेला असतो. माणसं मेली तरी किश्श्यांत त्यांचं वजन वाढतच राहतं. मी मात्र संपतचं वजन वाढवणार नाही. तो किरकोळच होता.

महाराष्ट्र नवा नवा झाला होता तेव्हाची गोष्ट. आमचे उस्ताद रहीमचाचा धंद्याने पिंजारी. दिवसभर गाद्यांचा कापूस पिंजायचे आणि संध्याकाळी आम्हाला. त्यांचं म्हणणं एकच, "पाडनं कोनालेबी येते. खरी कुस्ती पडलेला उठते तवा असते."

संपतनं ते मनावर घेतलं. त्याचा क्रम ठरलेला. समोरच्याचा हात ओढायचा. तो मागे खेचू लागला की वाकून पाय उचलायचा. पाठ वाचवायला तो वळून पालथा पडला की बाजूला उभं राहायचं. उठायला माणूस एक हात मातीत टेकतोच. तोच हात ओढायचा, तोंडावर आलेल्याला पलटवायचं आणि पाठ टेकवायची. पाठ टेकली की कुस्ती संपली.

*

मीही हा डाव एकदा शेजारच्या गावच्या गड्यावर करून पाहिला. गडी पडला. मी बाजूला उभा राहून तो कोणता हात टेकतो ते निरखू लागलो. उजवा की डावा? त्याने हात टेकलाच नाही. माझा पाय धरला आणि त्याच्या आधाराने उठला. तो उभा राहिला तेव्हा मी आडवा होतो.

चाचा म्हणाले, "इतकंच पाहाचं होतं तं बाहेर बसून पाहाचं. आत काऊन गेला बे?"

*

संपतचं लग्न झालं त्या वर्षी त्याचे सासरे हिवऱ्याकडून पाहुणे आले. माणूस सोज्वळ. पोटभर जेवले आणि उठायला म्हणून डावा हात जमिनीवर टेकला. शेजारी संपत कढी वाढायला उभा होता. त्याचा हात आपोआप गेला. सासरे कलंडले ते थेट उताणे.

बायकोनं संपतकडे पाहिलं, त्यानं कढीकडे.

सासरे आढ्याकडे बघत म्हणाले, "पाठ टेकली हो जावाईबापू. आता तरी उठू द्या."

*

ही कीर्ती गावोगाव गेली. संग्रामपूरच्या कुस्त्यांच्या दंगलीत एक जाडजूड गडी संपतनं पाडला, तर तो पालथा पडला आणि तसाच पडून राहिला. ढकलून पलटेना. संपत बाजूला उभा. लोक हुर्यो करू लागले.

"उठ ना बे," संपत म्हणाला.

"काऊन उठू? उठलो का तू हात ओढशीन."

"नाई ओढत."

"मंग जाय तिकडं."

"मी गेलो तं तू उठशीन."

पंच पडलेल्याच्या डोक्याशी उकिडवे बसून हे सगळं ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तुमचं काय ठरते ते सांगजा. मी चहा पिऊन येतो."

कुस्ती बरोबरीत सुटली.

*

पण सगळ्यात मोठी कुस्ती झाली आमच्याच गावच्या जत्रेत. समोर अकोल्याकडचा नावाजलेला पैलवान. चाचांची नजर मंद होत चालली होती. "यंदाची दंगल झाली का मी तालीम सोडतो," असं त्यांनी सांगून टाकलं होतं. संपतला जवळ घेऊन म्हणाले, "डोये हायेत तोवर एका मोठ्या गड्याची पाठ दाखव मले."

संपतनं हात ओढला, पाय उचलला. गडी पालथा. उठायला त्यानं उजवा हात टेकला आणि सारं गाव उभं राहिलं. संपतनं तो हात ओढला. गडी तोंडावर आला. आता फक्त पलटवायचं बाकी होतं, तर संपत त्याच्या अंगावर पसरला आणि हलेना.

"पलटव त्याले," चाचा ओरडले.

संपतनं मान वर केली. "चाचा, याचा लंगोट सुटला."

समोर बैलगाड्यांवर गावच्या बाया बसलेल्या.

"मंग काय झालं? पलटव," मागून कोणीतरी म्हणालं.

"नाई पलटवत. कापड फेका."

सगळे एकमेकांकडे बघत राहिले. तेव्हा चाचांनी कमरेची लुंगी सोडली आणि मातीत फेकली.

पैलवान ती गुंडाळून बाहेर गेला, लंगोट कसून परत आला, पुन्हा हात मिळवला आणि पहिल्याच झटक्यात संपतची पाठ मातीला लावली.

आम्ही घरी निघालो. चाचा नुसत्या सदऱ्यावर पुढे, संपत मान खाली घालून मागे.

"चाचा, राग आला का?" संपतनं विचारलं.

"राग कायचा?" चाचा म्हणाले. थोडं चालले आणि थांबले. "पन तो माही लुंगी काऊन घेऊन गेला बे?"