चहावाल्या मावशीचा दम

शिजवलेल्या हळदीचा वास आला की मला हिंगोलीजवळच्या आमच्या गोरेगावच्या शाळेतली ती दुपार आठवते. हिंगोलीच्या एका मुलीने आम्हा चौघा रिकामटेकड्या पोरांवर मोबाइलवर सिनेमा काढला होता. शिक्षण अर्धवट, हाताला काम नाही, दिवसभर भटकायचं आणि जो तो हाकलणार, एवढीच त्यातली गोष्ट. तो दाखवायला खिडक्यांना हळदीची रिकामी पोती लावून वर्गात अंधार केला होता आणि पडदा म्हणून पांढरी चादर बांधली होती. गाव हसेल या धास्तीने आम्ही दाराशीच उभे होतो. पुढच्या बाकावर जीप स्टँडवरची चहावाली मावशी बसली होती. ती आम्हाला आपल्या बाकड्यावरून रोज उठवायची. पडद्यावर एका हॉटेलवाल्याने आम्हाला शिव्या देत बाहेर काढलं, तशी मावशी ताडकन उभी राहिली आणि चादरीवरच ओरडली, "काहून हाकलून राहिला रे लेकरायला? बसले तर तुझं काय जाऊन राहिलं?" मग आमच्यातलाच एक हळूच म्हणाला, "मावशी, तुमी बी तेच करता की!" अख्खा वर्ग खो खो हसला. मावशीने वळून आमच्याकडे पाहिलं, तोंडाला पदर लावला आणि तीही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिली. संध्याकाळी तिने स्वतः बाकडं पुसलं आणि म्हणाली, "बसा. पण गिऱ्हाईक आलं की सरकायचं, बराबर?" आम्ही इतके लाजलो की धड बसताही येईना. आता मी हिंगोलीची जीप चालवतो. रिकामी पोरं गाडीला टेकून गप्पांत रंगली असली, की निघायची वेळ झाली तरी दोन मिनिटं हॉर्न वाजवत नाही.