मागच्या रविवारपर्यंतचा वैद्य

माझ्या नणंदेच्या जावयाइतका भित्रा माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर ते दोघं एकमेकांना भिऊन पळतील. त्या दुष्काळाच्या वर्षांत नळाला आठवड्यानं पाणी यायचं, तर जावईबापू पाणी संपेल म्हणून घरातल्या वाट्यासुद्धा भरून ठेवायचे, आणि मग त्यात डास होतील म्हणून घाबरायचे. नोकरी चितेगावच्या कंपनीत. तिथं जायच्या पैठण रस्त्यावर नव्या कॉलन्यांसाठी मुरमाचे टिप्पर धावायला लागले, तसे हे बसमध्येही हेल्मेट घालून बसायला लागले.

असा माणूस दर रविवारी आमच्या बैठकीत राक्षसांशी लढायला यायचा! माझी नात सई खेळ चालवायची. ती गोष्ट सांगणार, बाकीच्यांनी आपापलं एक माणूस कागदावर रचायचं आणि फासे टाकून त्याचं नशीब बघायचं. साधा घरगुती खेळ नव्हे हं. दुसऱ्या शहरांतही त्याच नियमानं चालायचा, आणि इथं मेलेलं माणूस सगळीकडंच मेलं. काही खेळ जिवंत निभावले की माणूस एक पायरी वर चढायचं. सवलत एकच. पहिल्या पायरीवर असेपर्यंत, दोन खेळांच्या मधे, माणूस मोडून पुन्हा रचता यायचं. दुसऱ्या पायरीवर गेलं की जे आहे ते आहे.

जावईबापूंनी ही सवलत पार पिळून काढली. नदीत बुडता बुडता वाचले, की पुढच्या रविवारी त्यांचा माणूस पट्टीचा पोहणारा. साप निघाला, की गारुडी.

"मामी, मागं काय चावलं ते ध्यानात ठेवावं माणसानं."

"अहो, पुढं काय चावंल ते बघा की!"

जावईबापूंचा पहिल्या पायरीवरचा शेवटचा खेळ आला. त्यांचा माणूस तेव्हा वैद्य होता, आणि मागच्या खेळात बाण लागून जेमतेम वाचला होता. यांनी घाबरून त्याला मोडलं आणि नखशिखांत चिलखत घालून शिपाई केलं. एरवी सई सुरुवातीला प्रत्येकाला 'आज तुम्ही कोण?' असं विचारते. पण त्या दिवशी ऐन वेळी टँकर आला, सगळे हंडे घेऊन धावलो, आणि विचारायचं राहिलंच.

शेजारचे सलीमभाई वैद्याच्या भरवशावर बिनधास्त गुहेत शिरले. त्यांचा तिरंदाज कित्येक महिने जपलेला. आत लांडग्यांनी त्याला फाडून अर्धमेला केलं.

"जावईसाब, जल्दी दवा निकालो!"

"दवा नाय, सलीमभाई."

"नाय मतलब? तुम हकीम हो ना?"

"मागच्या रविवारपर्यंत होतो."

एरवी आम्ही हसून लोळलो असतो. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

सई हळूच म्हणाली, "काका, तुम्ही गुहेच्या तोंडाशी आहात. पळालात तर सुटाल. सलीमकाका नाही सुटायचे."

जावईबापूंनी फासा दोन्ही हातांनी उचलला. म्हणाले, "सलीमभाई, तुम्ही सरपटत निघा. मी हितंच लांडगे अडवत उभा ऱ्हातो."

प्रत्येक फाशाला ते डोळे मिटून घ्यायचे. माझाही पदर तोंडात. चिलखतानं बराच दम धरला. तिरंदाज बाहेर निघाला आणि शिपाई पडला.

सलीमभाईंनी जावईबापूंच्या पाठीवर हात ठेवला. "काका, नवा रचा ना," सई म्हणाली. "रचीन," म्हणाले आणि उठले.

दारात मी विचारलं, "पळायचं होतं की, जावईबापू. खेळच तर होता."

"पळणारच होतो, मामी. पण पळालो असतो तर दुसरी पायरी लागली असती. मग त्याला बदलता येत नाय. पळालेला तो कायमचा पळालेलाच राहिला असता."

त्यांच्यासाठी ठेवलेला चहा आत ओट्यावर निवून गेला, आणि ते जिना उतरूनही गेले.